ऑक्सिडीकरणातून पोकळ आणि सच्छिद्र नॅनोकण: निकेलच्या उदाहरणाने नवोदितांसाठी मार्गदर्शन

निकेलचा २० नॅनोमीटर व्यासाचा भरीव कण हवेत योग्य तापमानाला तापवला, तर त्याचे निकेल ऑक्साइडमध्ये रूपांतर होता होता तो आतून पोकळ होतो. त्यासाठी कोणताही साचा लागत नाही, आम्लाने काही विरघळवून काढावे लागत नाही, आणि कणाला बाहेरून कुणी भोकही पाडत नाही. धातूचे अणू ज्या वाटेने बाहेर पडतात आणि ऑक्सिजन ज्या वाटेने आत येऊ पाहतो, त्या दोन वाटांवरील वेगांतला फरक एवढेच या पोकळीचे कारण आहे. एम.एस्सी. पूर्ण करून प्रयोगशाळेत नुकतेच दाखल झालेल्या आणि अशा रचना पहिल्यांदाच करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. लेखभर मी एका गोष्टीचा आग्रह धरणार आहे, तो आताच सांगून ठेवतो: केवळ शेवटचा, पूर्ण ऑक्सिडीकृत नमुना पाहून समाधान मानू नका, मधल्या टप्प्यांचे नमुने काढा. पोकळी कुठे सुरू झाली आणि कशी वाढली, हे फक्त तेच नमुने सांगू शकतात.

आधी कारण समजून घ्या

या घटनेचे मूळ नॅनोविज्ञानाच्या कितीतरी आधीचे आहे. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ अर्नेस्ट किर्केंडॉल आणि त्यांची विद्यार्थिनी ॲलिस स्मिगेल्स्कस यांनी पितळेच्या कांडीला मॉलिब्डेनमच्या बारीक तारा लावल्या, त्यांवर तांब्याचा जाड थर चढवला आणि ती कांडी ७८५ अंश सेल्सिअसला अनेक दिवस तापत ठेवली. मॉलिब्डेनम तांब्यात किंवा जस्तात मिसळत नाही, म्हणून त्या तारा शेताच्या बांधावर रोवलेल्या खुणेच्या दगडासारखे काम करणार होत्या. पितळेतले जस्त आणि बाहेरचे तांबे यांची देवाणघेवाण समान वेगाने झाली असती तर तारा जागच्या जागी राहिल्या असत्या. प्रत्यक्षात समोरासमोरच्या तारा एकमेकींच्या जवळ सरकल्या. याचा अर्थ असा की, जितके जस्त बाहेर गेले तितके तांबे आत आले नाही. हे निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा धातूतले शेजारशेजारचे अणू थेट जागांची अदलाबदल करतात ही समजूत रूढ होती, आणि या प्रयोगाने त्या समजुतीला धक्का दिला. अणू सरकतात ते जालकातल्या, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीतल्या, मोकळ्या जागांमधून, म्हणजे रिक्तस्थानांमधून, आणि दोन प्रकारच्या अणूंचे वेग वेगळे असले की मंद वेगाच्या अणूंकडून वेगवान अणूंच्या बाजूकडे रिक्तस्थानांचा निव्वळ प्रवाह सुरू होतो.

ही रिक्तस्थाने एकत्र आली की धातूत छिद्रे दिसू लागतात. उद्योगात ही छिद्रे नकोशीच असतात. इलेक्ट्रॉनिक चिपवर सोन्याची तार ॲल्युमिनियमच्या पट्टीला जोडली जाते, त्या सांध्यात अशी छिद्रे झाली तर सांधा कमकुवत होतो. हाच दोष उपयोगात आणता येतो हे २००४ साली बर्कली येथील यादोंग यिन, पॉल अलिविसाटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. कोबाल्टच्या नॅनोकणांची गंधक, ऑक्सिजन आणि सेलेनियम यांच्याशी अभिक्रिया घडवून त्यांनी पोकळ कण मिळवले आणि या घटनेला नॅनो पातळीवरचा किर्केंडॉल परिणाम असे नाव मिळाले.

निकेलच्या बाबतीत काय घडते ते नीट डोळ्यांसमोर आणावे. हवा लागताच निकेलवर ऑक्साइडचा पातळ थर जमतो. निकेल ऑक्साइडच्या स्फटिकात निकेलच्या काही जागा नेहमीच रिकाम्या असतात, आणि त्या रिकाम्या जागांवर पाय ठेवत निकेलचे आयन बाहेरच्या पृष्ठभागाकडे जातात. ऑक्सिजनचे आयन त्याच थरातून आत येण्याचा वेग त्या मानाने नगण्य असतो. त्यामुळे नवे ऑक्साइड तयार होते ते बाहेरच्या बाजूस, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक निकेल अणूमागे आतल्या धातूत एक रिक्तस्थान उरते. धातूचा मोठा पत्रा असेल तर ही रिक्तस्थाने कणसीमांवर (धातूतल्या लहान स्फटिकांच्या सीमांवर) आणि जालकातल्या इतर दोषांवर जाऊन नाहीशी होतात. नॅनोकणात तशी जागाच फारशी नसते आणि बाहेरचे कवच ताठ असल्यामुळे ते आत खचतही नाही; मग रिक्तस्थाने साचत जातात आणि कवचाच्या आतल्या पृष्ठभागाला लागून पहिली पोकळी उघडते.

पोकळी उघडल्यावर धातूचा गाभा कवचापासून बराचसा सुटतो. तरीही ऑक्सिडीकरण थांबत नाही, याचे नवोदितांना आश्चर्य वाटते. गाभा काही ठिकाणी कवचाला चिकटलेला राहतो आणि त्या सांध्यांवरून धातूचे अणू पोकळीच्या आतल्या भिंतीवर पसरत, पृष्ठभागावरून वेगाने सरकत कवचापर्यंत पोहोचतात. अर्धवट ऑक्सिडीकृत नमुन्याच्या चित्रात गडद गाभा, त्याभोवती फिकट चंद्रकोर आणि बाहेर पातळ कडे असे दृश्य दिसले, तर तुम्ही नेमका हा टप्पा पाहत आहात.

धातूची निवड

ज्या धातूचे आयन त्याच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजनपेक्षा लवकर बाहेर जातात, तोच धातू या पद्धतीने पोकळ होतो. कोबाल्ट, लोह, निकेल, तांबे आणि जस्त या गटात येतात. झिर्कोनियमच्या ऑक्साइडमध्ये मात्र ऑक्सिजनच आतल्या बाजूस सरकतो, त्यामुळे झिर्कोनियमचा कण कितीही काळजीपूर्वक तापवला तरी या कारणाने तो पोकळ होणार नाही.

पहिल्या प्रयत्नासाठी मी निकेलच सुचवतो. तांब्याची दोन ऑक्साइडे होतात, लोहाची तीन, आणि कोबाल्टही तापमानानुसार एका ऑक्साइडमधून दुसऱ्यात जातो. त्यामुळे वजनवाढ आणि क्ष-किरण विवर्तनाचे (स्फटिक कोणता ते ओळखण्याच्या चाचणीचे) आलेख वाचताना नवा माणूस गोंधळतो. निकेलचे हवेत तापवून एकच ऑक्साइड मिळते. शिवाय निकेल चुंबकाला चिकटते आणि निकेल ऑक्साइड जवळजवळ चिकटत नाही, ही सोय लहान वाटली तरी रोजच्या कामात फार उपयोगी पडते. बंद कुपीच्या बाहेरून साधे चुंबक फिरवले की नमुन्यात धातू उरला आहे का याचा अंदाज तिथल्या तिथे येतो.

लोहावर काम करायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधारण ८ नॅनोमीटरपेक्षा लहान लोहकण नुसत्या खोलीच्या तापमानाला हवेत उघडे पडले तरी पूर्ण ऑक्सिडीकृत होऊन पोकळ होऊ शकतात. म्हणजे भट्टी सुरू करण्याआधीच तुमचा प्रयोग संपलेला असू शकतो.

आकारमान आधी ठरवा

पोकळ हवे की सच्छिद्र, हे मुख्यतः कणाच्या आकारमानावर ठरते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली निकेलचे ९, २६ आणि ९६ नॅनोमीटर सरासरी व्यासाचे कण २०० ते ५०० अंश सेल्सिअसला १ ते ४ तास तापवून हा फरक स्पष्ट दाखवला आहे. सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचे कवच झाल्यावर पोकळी सुरू होते. ९ नॅनोमीटरच्या कणात एकच पोकळी होते आणि कवच सगळीकडे जवळजवळ सारख्या जाडीचे राहते. २६ नॅनोमीटरच्या कणातही पोकळी एकच असते, पण ती एका बाजूला सुरू होऊन दुसऱ्या बाजूकडे सरकत जाते, म्हणून शेवटचे कवच एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ दिसते. ९६ नॅनोमीटरच्या कणात मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी पोकळ्या फुटतात, आणि हाती येतो तो स्पंजासारखा सच्छिद्र कण.

याच प्रयोगातील आणखी एक निष्कर्ष नवोदितांनी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याजोगा आहे. तापमान बदलल्याने ऑक्सिडीकरणाचा वेग बदलला, पूर्ण ऑक्सिडीकृत कणाची अंतिम घडण बदलली नाही. सच्छिद्र कणांऐवजी एकसंध पोकळी हवी म्हणून भट्टीचे तापमान वरखाली करत आठवडे घालवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तो प्रश्न भट्टीत सुटत नाही; तो कण तयार करतानाच सोडवावा लागतो.

वजन आणि माप यांचा हिशेब मांडा

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसावे. निकेल ऑक्साइडचे घनफळ ते ज्या निकेलपासून झाले त्याच्या सुमारे १.६५ पट असते. या प्रमाणाला पिलिंग–बेडवर्थ गुणोत्तर म्हणतात. समजा, २० नॅनोमीटर व्यासाचा शुद्ध निकेलचा कण आहे आणि सगळा धातू बाहेर जाऊन मूळ कणाएवढीच पोकळी मागे राहिली. मग पोकळी आणि कवच मिळून एकूण घनफळ मूळच्या २.६५ पट होईल. त्याचे घनमूळ सुमारे १.३८, म्हणजे बाहेरचा व्यास जवळपास २७.७ नॅनोमीटर आणि कवचाची सरासरी जाडी ३.८ नॅनोमीटर. हाच कण पोकळी न होता भरीव ऑक्साइड झाला असता, तर त्याचा व्यास १.६५ च्या घनमुळाने, म्हणजे सुमारे १.१८ पटीने वाढून २३.६ नॅनोमीटर झाला असता. २३.६ आणि २७.७ यांतला फरक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवर किमान दोनशे कण मोजले तर सहज पकडता येतो, आणि तो पोकळीचा स्वतंत्र पुरावा ठरतो. प्रत्यक्षातील पोकळी आदर्श आकड्यापेक्षा थोडी लहान भरली तर घाबरण्याचे कारण नाही. ती त्याहून मोठी भरली, तर मात्र मोजणीत किंवा मूळ कणांच्या मापात कुठेतरी चूक आहे.

वजनाचा हिशेबही असाच मांडावा. निकेलचे पूर्ण ऑक्साइड होताना वजन २७.३ टक्क्यांनी वाढते. पण बाटलीतून काढलेली भुकटी शुद्ध निकेल असते असे गृहीत धरू नये. बाहेरून २० नॅनोमीटर व्यास असलेल्या कणावर हवेमुळे आधीच १.५ नॅनोमीटरचे कवच असेल, तर त्यातील चौथ्या हिश्श्याहून अधिक निकेल भट्टीत जाण्यापूर्वीच ऑक्साइड झालेले असते, आणि उरलेल्या धातूमुळे होणारी वजनवाढ जेमतेम १८ ते १९ टक्के भरते. माझ्या पहिल्या मालिकेत वजनवाढ सतत कमी येत होती आणि अभिक्रिया अपुरी राहते आहे असे समजून मी तापमान चढवत गेलो. मूळ भुकटीचा विवर्तन आलेख आधी काढला असता, तर त्या दोन महिन्यांची गरज पडली नसती.

भुकटी हाताळताना

कण स्वतः तयार करायचे असतील, तर लहान कणांसाठी निकेलचे ॲसिटिलॲसिटोनेट ओलेइलअमाइनमध्ये तापवण्याची पद्धत आणि मोठ्या कणांसाठी निकेल क्लोराइडचे हायड्राझीनने क्षपण करण्याची, म्हणजे संयुगातून धातू मोकळा करण्याची, पद्धत प्रचलित आहे. हायड्राझीन विषारी आहे, ते फ्यूम हूडमध्ये आणि अनुभवी सहकारी शेजारी असतानाच वापरावे. निकेलची संयुगे श्वासावाटे शरीरात गेली तर कर्करोगाचा धोका असतो, म्हणून कोरडी भुकटी उघड्या टेबलावर कधीही खरवडू किंवा झटकू नये. मुखपट्टी आणि हातमोजे यांच्या जोडीला वजनकाट्याभोवती ओला टिपकागद अंथरावा, सांडलेली भुकटी त्याच कागदाने टिपून वेगळ्या डब्यात जमा करावी.

ताजे क्षपण केलेले कण निष्क्रिय वायूतून एकदम हवेत काढले तर ते पेट घेऊ शकतात. बाटलीचे झाकण किंचित सैल करून, तासाभरात हळूहळू हवा आत जाऊ द्यावी.

कणांवर ओलेइलअमाइनसारख्या सेंद्रिय रेणूंचा थर असेल तर तो दोन-तीन वेळा धुऊनही पूर्ण जात नाही. तो तापताना जळतो आणि वजन घटवतो, त्याच वेळी ऑक्सिडीकरण वजन वाढवत असते. त्यामुळे वजनाचा आलेख दोन विरुद्ध गोष्टींची बेरीज दाखवतो. तीच भुकटी नायट्रोजनमध्ये तापवून सेंद्रिय भागाची घट वेगळी मोजली, तर हा गुंता बराचसा सुटतो.

तापवण्याची मालिका

आता मुख्य काम. भुकटी ॲल्युमिनाच्या बोटीत (उष्णता सोसणाऱ्या लांबट भांड्यात) ढिगासारखी ओतू नका, तळाशी अगदी पातळ पसरा. एक मोल निकेलचे ऑक्साइड होताना सुमारे २४० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. कणांच्या ढिगात ही उष्णता अडकली, तर भट्टीच्या पडद्यावर ३०० अंश दिसत असताना ढिगाच्या पोटात कितीतरी जास्त तापमान होऊन कण एकमेकांना वितळल्यासारखे चिकटतात. असा नमुना ओळखणे सोपे असते. बोट बाहेर काढल्यावर भुकटी चमच्याने हलत नाही, तिची खपली निघते, आणि खपलीचा वरचा भाग व पोट यांचे रंग वेगवेगळे असतात. सगळ्या भुकटीचा रंग एकसारखा असेल आणि बोट तिरकी करताच ती सरकत असेल, तर थर पुरेसा पातळ होता.

पहिल्या फेरीत एकाच भुकटीच्या पाच बोटी भरा आणि भट्टीचे तापमान एकच ठेवा. ३०० अंशांपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. पहिली बोट तापमान गाठताच बाहेर काढा, पुढच्या ५, १५, ४५ आणि १३५ मिनिटांनी. वेळा समान अंतराने न ठेवता तिपटीने वाढवण्याचे कारण असे की, कवच जसे जाड होते तसा ऑक्सिडीकरणाचा वेग मंदावतो. समान अंतर ठेवले तर सुरुवातीची महत्त्वाची घडामोड निसटते आणि शेवटचे तीन नमुने सारखेच निघतात. बोट काढताना ती नळीसारख्या भट्टीच्या गरम भागातून नलिकेच्या थंड टोकाकडे लांब सळईने ओढावी, म्हणजे अभिक्रिया त्या क्षणाला थांबते. भट्टी बंद करून बोट आतच निवू दिली, तर पाऊण तासाचे अनोळखी ऑक्सिडीकरण प्रत्येक नमुन्यात जमा होते आणि मालिकेला अर्थ उरत नाही.

पहिल्या मालिकेत पाचही नमुने पूर्ण ऑक्सिडीकृत निघाले तर तापमान ५० अंशांनी खाली आणा, पाचही चुंबकाला पूर्ण ताकदीने चिकटत असतील तर तेवढेच वर न्या. बोटीशेजारी वेगळे थर्मोकपल ठेवून खरे तापमान मोजून घ्या, कारण जुन्या नलिका भट्ट्यांत पडद्यावरचा आकडा आणि बोटीजवळचे तापमान यांत बरेच अंतर असते.

वजन करताना काट्याची मर्यादा विसरू नये. ५ मिलिग्रॅम भुकटीची पूर्ण वजनवाढ फक्त १.४ मिलिग्रॅमच्या आसपास असते, ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचणाऱ्या काट्यावर त्यातला फरक सांगणे धाडसाचे ठरेल. अशा वेळी तापवताना सतत वजन मोजणाऱ्या टीजीए यंत्रावर वेगळा नमुना चालवावा.

पोकळी खरोखर आहे का?

क्ष-किरण विवर्तनाने सुरुवात करावी. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरण स्रोतावर निकेलची शिखरे सुमारे ४४.५ आणि ५१.८ अंशांवर, आणि निकेल ऑक्साइडची ३७.३, ४३.३ आणि ६२.९ अंशांवर येतात. ४३.३ आणि ४४.५ ही शिखरे लहान कणांत रुंद होऊन एकमेकांत मिसळतात, म्हणून धातू उरला आहे की नाही हे ५१.८ च्या शिखरावरून ठरवणे अधिक सुरक्षित असते. शिखराच्या रुंदीवरून शेरर सूत्राने स्फटिकाचे माप काढले आणि ते कणाच्या व्यासापेक्षा बरेच कमी, कवचाच्या जाडीच्या आसपास आले, तर कवच अनेक लहान स्फटिकांचे बनलेले आहे असा संकेत मिळतो. हा संकेत आहे, पुरावा नव्हे. लहान स्फटिकांचा भरीव गोळाही असाच आलेख देईल.

खरा निकाल लागतो टीईएमवर, म्हणजे इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार पाठवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर. भरीव गोळ्याच्या चित्रात मध्यभाग सर्वांत गडद असतो, कारण इलेक्ट्रॉनांना तिथे सर्वाधिक जाडी ओलांडावी लागते. पोकळ गोळ्यात कड गडद आणि मध्य फिकट दिसतो. परंतु सपाट कडे किंवा खोलगट बशीसारखा कणही वरून असाच दिसतो. म्हणून नमुना दोन्ही बाजूंना ३० अंशांनी कलवून त्याच कणाची चित्रे घ्यावीत. पोकळ गोल कलवला तरी कड्याचे रूप तसेच राहते, सपाट कडे मात्र लंबगोल होते. सुंदर दिसणारा एक कण निवडून त्याचे चित्र प्रबंधात लावण्याचा मोह आवरावा. किती टक्के कण पोकळ, किती भरीव आणि किती फुटलेले, ही मोजणी त्या एका चित्रापेक्षा वाचकाला कितीतरी अधिक सांगते.

इथे एका चुकीबद्दल विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ती फार वरचेवर होते. वेळ वाचावा म्हणून कण थेट टीईएमच्या ग्रिडवर (नमुना ठेवण्याच्या बारीक जाळीच्या चकतीवर) टाकून ग्रिडच भट्टीत तापवली जाते. नेहमीची ग्रिड तांब्याची असते आणि तिच्यावर कार्बनचा पातळ पडदा असतो. हवेत ३०० अंशांना तांबे स्वतःच ऑक्सिडीकृत होते आणि निकेलचे कण कार्बनच्या ज्वलनाला हातभार लावत असल्यामुळे पडदाही टिकत नाही. मी असे केले तेव्हा चित्रांत माझ्या कणांभोवती अनोळखी बारीक कण आणि जाळीच्या दांड्यांवर केसांसारखे काटे दिसले. ते काटे तांब्याच्या ऑक्साइडचे होते. तांब्याचा पत्रा हवेत तापवला की त्यावर असे नॅनोतंतू उगवतात. त्यांचा माझ्या निकेलशी काही संबंध नव्हता. ग्रिडवरच तापवायचे असेल तर सिलिकॉन नायट्राइडच्या पडद्याची ग्रिड वापरावी, अन्यथा भुकटी आधी तापवून नंतर ग्रिडवर टाकावी.

महाविद्यालयात टीईएम नसणे ही अडचण आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. मुंबईच्या आयआयटीतील सैफसारख्या प्रगत उपकरणांच्या केंद्रांत बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. मात्र तिथे दिवस ठरावीक मिळतो, म्हणून नमुने पाठवताना मूळ भुकटी, मधले दोन टप्पे आणि अंतिम नमुना असे चार तरी पाठवावेत. एकच नमुना पाठवण्याइतके पैसे असतील तर मी मधला टप्पा पाठवीन: गाभा, चंद्रकोर आणि कवच एकाच चित्रात दिसले की पोकळी कशी झाली याविषयी वाद उरत नाही.

पृष्ठफळ मोजणाऱ्या बीईटी चाचणीविषयी एक सावधानता. कवच पूर्ण बंद असेल तर नायट्रोजन आतल्या पोकळीपर्यंत पोहोचत नाही, आणि पोकळ कणांचे पृष्ठफळ अपेक्षेपेक्षा कमी भरते. त्यावरून पोकळी नाही असा निष्कर्ष काढू नये. उलट अशा नमुन्याची घनता वायू वापरून मोजली आणि ती निकेल ऑक्साइडच्या ६.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर या आकड्यापेक्षा स्पष्टपणे कमी आली, तर आत बंद पोकळ्या असल्याला दुजोराच मिळतो.

रंगाकडेही लक्ष द्यावे. अगदी नेमक्या प्रमाणातले निकेल ऑक्साइड हिरवे असते, पण कमी तापमानाला झालेले ऑक्साइड करडे ते काळे दिसते, कारण त्यात निकेलच्या रिकाम्या जागा अधिक असतात. आयन ज्या जागांवर पाय ठेवून बाहेर गेले, त्याच जागा बोटीतल्या भुकटीच्या काळसर रंगात नुसत्या डोळ्यांना दिसत असतात.

सच्छिद्र रचना हवी असेल तर

९०–१०० नॅनोमीटरच्या कणांपासून सुरुवात केली की वर सांगितल्याप्रमाणे अनेक पोकळ्यांचा सच्छिद्र कण मिळतो. त्यासाठी वेगळे कौशल्य लागत नाही, फक्त पूर्ण रूपांतराला अधिक वेळ द्यावा लागतो. मात्र छिद्रे दिसली की प्रत्येक वेळी किर्केंडॉलचे नाव घेण्याची घाई करू नये. निकेल हायड्रॉक्साइड किंवा ऑक्झलेट तापवूनही सच्छिद्र निकेल ऑक्साइड मिळते, पण तिथली छिद्रे पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडल्यामुळे झालेली असतात. त्यात धातू कधी नव्हताच.

ॲल्युमिनियमवर विद्युतदाबाने केलेल्या ऑक्सिडीकरणाची गोष्ट तर आणखी निराळी आहे. ०.३ मोलार ऑक्झॅलिक आम्लात ४० व्होल्टला ॲल्युमिनियमचा पत्रा धनाग्र म्हणून ठेवला की ऑक्साइडच्या थरात सरळ, उभी, समांतर छिद्रे तयार होतात आणि शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतले अंतर साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे प्रत्येक व्होल्टमागे सुमारे २.५ नॅनोमीटर असते. पहिला थर विरघळवून त्याच पत्र्यावर पुन्हा ऑक्सिडीकरण केले की छिद्रे मधमाशांच्या पोळ्यासारखी नेटकी येतात. ही दोन पायऱ्यांची पद्धत जपानच्या मासुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवली. तिथे छिद्राच्या तळाशी एकीकडे ऑक्साइड तयार होत असते आणि दुसरीकडे ते तीव्र विद्युतक्षेत्रात आम्लात जात किंवा बाजूला ढकलले जात असते. ज्यांच्याकडे भट्टी नाही पण डीसी पुरवठा आणि बर्फाचे पाणी आहे, त्यांनी ही वाट जरूर धरावी. तिचे स्पष्टीकरण लिहिताना मात्र निकेलच्या कणांचे कारण तिला लावू नये.

तयार पोकळी टिकवणे

पोकळ कण ही स्थिर अवस्था नव्हे. पोकळीमुळे कणाला आतून एक जादा पृष्ठभाग मिळालेला असतो, आणि पुरेसे तापमान मिळाले की अणू सरकून तो पृष्ठभाग कमी करतात, कवच आत जाड होत जाते आणि पोकळी लहान होत मिटते. पोकळी जितकी लहान तितकी ही ओढ अधिक. तांबे आणि निकेल यांच्या पोकळ ऑक्साइड कणांवर जपानमध्ये झालेल्या निरीक्षणांत तापवल्यावर असे आकुंचन दिसले आहे. म्हणून ऑक्सिडीकरण पूर्ण होताच नमुना बाहेर काढावा, ‘आणखी थोडा वेळ असू दे’ म्हणून रात्रभर भट्टीत ठेवू नये. टीईएममध्येही तीव्र इलेक्ट्रॉन शलाका एकाच कणावर बराच वेळ रोखून धरली तर कवच हलू लागते. त्यामुळे नव्या भागाचे पहिले चित्र कमी तीव्रतेत, लगेच घ्यावे आणि पाच मिनिटांनी त्याच कणाचे दुसरे चित्र घेऊन तुलना करावी.

हे कण पुढे वायुसंवेदकासाठी किंवा लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी वापरायचे असतील, तर ज्या तापमानाला ते उपकरण चालणार आहे त्या तापमानाला एक छोटा नमुना दिवसभर ठेवून पुन्हा टीईएमवर पाहावा. इलेक्ट्रोडसाठी भुकटी खलात घोटली जाते तेव्हा ४ नॅनोमीटर जाडीची कवचे फुटतात का, हेही तपासून घ्यावे. घोटण्यापूर्वी आणि घोटल्यानंतर शंभर-शंभर कण मोजले की किती कवचे शाबूत राहिली ते कळते. कुपीच्या चिठ्ठीवर मूळ कणांचा व्यास, तापमान, मिनिटे आणि वजनवाढ या चार नोंदी लिहाव्यात, आणि मूळ न तापवलेल्या भुकटीची एक कुपी त्याच कप्प्यात, त्याच तारखेसह ठेवून द्यावी.